जीप कोपऱ्यापर्यंतच येते

पुडाच्या वड्यांचा बेत ठरला की सांबार किलोच्या मापानं लागतो, आणि सांबार आणायचा म्हणजे जीप निघते, एवढं रितिकाला सहा महिन्यांत पाठ झालं होतं. नाशिकची कोथिंबीर नागपुरात आली की तिचा सांबार होतो, हे तर तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, चारचौघांत हसं होऊन समजलं होतं. न समजलेली गोष्ट वेगळीच होती. भाजीबाजार घरापासून पायी पाच मिनिटांवर होता आणि जीपनं पंचवीस.

जीप लष्कराच्या लिलावातली. दाराच्या जागी साखळी, काचांच्या जागी वारा, आणि सीटखाली स्प्रिंग आहे की नाही याबद्दल घरात दोन मतं. तेंदूपत्त्याच्या ठेक्याच्या काळात रामाजी चाफले आणि त्यांचा धाकटा भाऊ मधुकर यांनी तिच्यातून नाले ओलांडले होते, अस्वलं पाहिली होती, आणि एकदा एका अस्वलानं त्यांना पाहिलं होतं. आता ठेका संपला होता, जंगल लांब राहिलं होतं, भावाचं तोंड दिसत नव्हतं. जीप मात्र रोजच्या वापरात होती. रामाजी तिच्यातून बँकेत जात, दवाखान्यात जात, दाढी करायला जात. मुलाची, म्हणजे रजतची, पांढरी गुळगुळीत मोटार पोर्चमध्ये उभी असताना सत्तरीचे सासरेबुवा चारही चाकांना जोर देणारं ते धूड घेऊन दाढीला निघाले, की मनीषनगरातली पोरं टाळ्या वाजवत. रामाजी टाळ्यांचा स्वीकार करत.

"बाबा, बाजार डावीकडे राहिला," रितिका साखळी घट्ट धरून म्हणाली.

"राहू दे. इंजन गरम झालं पाहिजे. थंड्या इंजनानं भाजी आणू नाही."

"पण तिथे गाडी लावायला जागा होती. तीन ठिकाणी."

"त्या जागा माह्या कामाच्या नाही."

"का?"

"जागेचं असंच असते, बेटा. एखादी कामाची, एखादी बिनकामाची. माणसावानी."

शेवटी कामाची जागा सापडली ती नाल्यावरच्या पुलाच्या चढावर. रामाजींनी जीपचं तोंड वर करून ती उभी केली आणि सीटखालचा दगड काढून रितिकाच्या हाती दिला. तो मागच्या चाकाखाली घालायचा, हे सुनेचं काम ठरून गेलं होतं.

"चढावर कशाला लावायची?"

"हवा लागते."

सांबार घेऊन परत आल्यावर दगड काढला, तशी जीप आपली आपणच मागे घरंगळली. रामाजींनी चाक फिरवलं, आणि ती निमूट घरच्या वाटेला लागली. रितिका गप्प बसली. मात्र गप्प बसणं तिच्या अंगी टिकत नसे. एका कंपनीसाठी मोबाईलवरची अॅप्स घरबसल्या तपासून देण्याचं तिचं काम होतं. लोकांना ज्या चुकीची सवय होऊन गेली आहे ती शोधून काढायची, याचा तिला पगार मिळे. सुट्टीच्या दिवशी हे डोकं कुठल्या खुंटीला टांगून ठेवायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रजतला असले प्रश्न पडत नसत. त्याला कुठलेच प्रश्न पडत नसत. लग्न जुळवताना त्याचा हाच गुण 'शांत स्वभाव' या नावानं सांगण्यात आला होता. घराला दोन फाटकं का, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वास्तुशास्त्र असन." रामाजींचा वास्तुशास्त्रावर विश्वास नव्हता. सत्यनारायणावरही ते बायकोच्या भिडेनंच बसत. तरी एवढ्याशा प्लॉटला दोन फाटकं होती, आणि दुसरं फाटक करण्यासाठी सासूबाईंचा, शोभाताईंचा, मोगऱ्याचा वाफा उखडला गेला होता. जीप एका फाटकानं आत येई, दुसऱ्या फाटकानं बाहेर जाई.

ती आज आत आली तेव्हा पायऱ्यांपाशी दोन चपलांचे जोड जास्त होते.

"आला का रामा?" आतून आवाज आला. "सांबार आणाले गेला होता का पेराले?"

प्रयागबाई म्हणजे दोन्ही भावांची थोरली बहीण. त्या कन्हानहून आल्या होत्या, आणि कन्हानहून त्या आल्या की कोणाचं तरी काहीतरी बिनसलेलं असे किंवा त्या गेल्यावर बिनसे. त्यांच्या शेजारी खुशी बसली होती, मधुकरची मुलगी. तिच्या मांडीवर कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी होती. ती उठली, रामाजींच्या पाया पडली, आणि पाया पडून झाल्यावरही उठायला तिनं जरा वेळ लावला.

"मोठे बाबा, येत्या रविवारी साक्षगंध आहे. माझं."

"अरे वा," रामाजी म्हणाले. "पोट्टी एवढी मोठी झाली! पोरगा कुठचा?"

"उमरेडचा. मास्तर आहे."

"मास्तर चांगला. मास्तर उन्हाळ्यात रिकामा राहते." ते सोफ्यावर बसले. "कोणत्या लॉनवर ठेवलं?"

"लॉन नाही. घरी. सक्करदऱ्याले."

रामाजींचा हात पाण्याच्या पेल्यापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

"घरी कायले? लॉन घ्या नं एखादा. रिंगरोडले भल्ले मोठ्ठे लॉन झाले आता. एका फाटकानं आत जा, दुसऱ्या फाटकानं बाहेर या. पाहुण्यांचीबी सोय."

स्वयंपाकघराच्या दारात सांबाराची पिशवी घेऊन उभी असलेली रितिका पुढे जायची थांबली.

"मधू ऐकत नाही," प्रयागबाई म्हणाल्या. "म्हणते, माह्या घरात पहिलं कार्य आहे, माह्या उंबऱ्यावरच होईन. अन् पुढचंबी ऐक. म्हणते, दादाची वाट पाहाची नाही. नाही आला तं पोरीचा मामा नारळ देईन."

नारळाचं महत्त्व रितिकाला स्वतःच्या साक्षगंधात, म्हणजे नाशिकच्या भाषेतल्या साखरपुड्यात, कळलं होतं. चाफल्यांकडे मुलीकडच्या थोरल्यानं व्याह्याच्या हाती नारळ ठेवला की बोलणं पक्कं. बाकी अंगठ्या, फोटो, केक हे सगळं हौसेचं.

"मामाचा नारळ असेल तं मी पाटावर बसणार नाही," खुशी म्हणाली. "पापांना तसं सांगून आली आहे मी. उमरेडवाल्यांनाही सांगन."

"शहाणी आहेस," शोभाताई म्हणाल्या. "असं बोलू नये वं."

"मंग कसं बोलू, मोठी आई? बोलूनच नाही राहिलं नं कोणी! बारा वर्षं झाली."

"पाहू," रामाजी म्हणाले.

घरात सगळ्यांना माहीत होतं की रामाजींचं 'पाहू' म्हणजे नाही. 'नाही' म्हटलं की वाद होतो, 'पाहू' म्हटलं की समोरचा चहा पिऊन उठतो. पण खुशी चहा न पिताच आली होती.

"तुम्ही येता तं दरवर्षी, मोठे बाबा. पाडव्याच्या सकाळी. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येता. जीपचा आवाज काय आम्हाला ओळखू नाही येत? पापा सकाळपासून नवा शर्ट घालून फाटकात उभे राहतात. तुम्ही कोपऱ्यावर थांबता, हॉर्न वाजवता, चार-चार वेळा वाजवता, आणि निघून जाता. पापा मंग दिवसभर कोणाशी बोलत नाही. त्यांना वाटते तुम्ही चिडवाले येता."

"मी?" रामाजी म्हणाले. "चिडवाले?"

त्यांनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी करंड्याकडे पाहिलं. मग रामाजी उठले, हात धुवायला म्हणून मागे गेले, आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

"नक्की भांडण कशावरून झालं होतं?" रितिकानं विचारलं. असा प्रश्न या घरात विचारत नसत, त्यामुळे त्याचं उत्तर द्यायची कोणाला सवय नव्हती.

"जमिनीवरून असन," कोपऱ्यातल्या खुर्चीतून रजत म्हणाला.

"कुठल्या जमिनीवरून?"

"असते कोणती तरी."

"जमीन-फमीन काही नाही," प्रयागबाई म्हणाल्या. "वाटणी माह्या समोर झाली. हे घर रामाले, सक्करदऱ्याचा प्लॉट मधूले, कोणी हूं का चूं केलं नाही. जीपवर येऊन अडलं. दोघांलेबी तेच पाहिजे. पिकल्या डोक्याचे माणसं, अन् एका डब्ब्यासाठी माह्यासमोर लहान पोरांवानी बसले. शेवटी मी म्हटलं, थोरला आहे, रामाले देऊन टाक. मधूनं दिली. पण उठता उठता म्हणाला, दादा, जीप तू घेतली, ठीक आहे. माह्या घरी येशीन तं मात्र तिच्यातूनच ये, अन् दारापर्यंत घेऊन ये. ते माहीबी होती."

"मग?"

"मंग काय? वास्तुपूजनाले आला नाही. त्याच्या सासऱ्याच्या तेरवीले आला नाही. मधूनं समजून घेतलं काय समजाचं ते." प्रयागबाईंनी पदर सारखा केला. "तसा रामा आजकाल कोणाकडेच नाही जात. इतवारीतल्या चुलतभावाकडे नाही, महालातल्या साडूकडे नाही. माह्याकडे येते, कन्हानले. माह्याकडे मात्र नेमानं येते."

प्रयागबाईंच्या घरापुढे मोठ्ठं मैदान होतं. रितिका तिथे जाऊन आली होती. महालातल्या साडूंकडेही जाऊन आली होती, रजतच्या गाडीतून, आणि तिथल्या गल्लीत रजतला अर्धा फर्लांग मागे मागे यावं लागलं होतं.

तिनं सांबाराची पिशवी ओट्यावर ठेवली. तिच्या डोक्यात गेल्या सहा महिन्यांतली सगळी वळणं एका रांगेत येऊन उभी राहिली होती.

दुपारी प्रयागबाई आणि खुशी गेल्या. रामाजी आतल्या खोलीत झोपले, किंवा झोपल्यासारखे पडले. रितिकानं खुंटीवरची किल्ली काढली. जीपला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही हा घरचा कायदा होता, पण सून म्हणून तिला तो अजून कोणी औपचारिकपणे ऐकवला नव्हता. ती चढून बसली. इंजिन खोकत खोकत जागं झालं. तिनं क्लच दाबला आणि दांडा मागे जायच्या खाचेत सरकवला. तो सहज सरकला, लापशीत पळी फिरावी तसा. तिनं हळूहळू क्लच सोडला. गाडी मागे गेली नाही. हिसका बसला नाही, इंजिन बंदही पडलं नाही. जीप नुसती जागच्या जागी थरथरत राहिली.

"बंद कर ते," शेजारून आवाज आला.

शोभाताई सांबाराची टोपली कमरेवर घेऊन उभ्या होत्या.

"आई, हिला रिव्हर्सच नाहीये."

"हळू बोल."

"किती वर्षं?"

"वाटणी झाली त्याच साली. दिवाळीच्या आधी." त्या जीपच्या पायरीवर टेकल्या आणि काड्या निवडू लागल्या. "तेव्हा मधूभाऊजींची गल्ली पलीकडून तलावाच्या बाजूनं खुली होती. हे म्हणाले, इकडून शिरू, तिकडून निघू, फिकीर नाही. मंग वास्तुपूजनाच्या आधीच तिकडच्या लेआऊटवाल्यानं भिंत घातली. संपलं."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"मी शेजारी बसते वं. मले नाही माहीत असणार तं कोणाले?"

"मग सांगितलं का नाही कोणाला? घरातलेसुद्धा समजतात की बाबा भांडले. सगळ्यांशी भांडले!"

शोभाताईंनी एक पिवळी काडी बाजूला काढली.

"नवऱ्याच्या अंगातलं व्यंग बायको गावभर सांगत हिंडते का? त्यांनी माह्याकडून वचन घेतलं. म्हणे, मधूनं चालती जीप देली होती माह्या हाती. सहा महिन्यांत मी ते बिघडवली, हे त्याले कसं सांगू?"

"दुरुस्त करता आली असती."

"दाखवली नं दोन जागी. आतला दाता गेला म्हणे. हा गियरबॉक्स फेका, दुसरा टाका. हे उठूनच आले तिथून. तो गियरबॉक्स मधूभाऊजींनी बसवला होता, जंगलात, कंदिलाच्या उजेडात, स्वतःच्या हातानं. हे म्हणाले, फेकत नाही मी." त्यांनी टोपली खाली ठेवली. "मंग म्हणाले, मागे जाचंच कशाले? माणसानं समोर जावं. तेव्हापासून आम्ही समोरच जाऊन राहिलो."

रितिकाला हसू येत होतं. चाफले घराण्याचा गेल्या बारा वर्षांचा इतिहास तिच्यासमोर नकाशासारखा उलगडला होता. ज्यांच्या घरापुढे वळायला जागा होती ते जिवाभावाचे राहिले, ज्यांची गल्ली बंद ते दुरावले. इतवारीतल्या चुलतभावाला वाटत होतं आहेर कमी पडला. महालातल्या साडूंना वाटत होतं पाहुणचार कमी पडला. माणसं स्वतःच्या वागण्यात खोट शोधत बसली होती, आणि खोट इथे दोन फाटकांच्या मधोमध उभी होती.

"मी जाऊन मधुकाकांना सांगते," ती म्हणाली.

"सांगशील तं माह्याशी गाठ आहे." शोभाताईंचा आवाज चढला नाही. "त्यांचं त्यांनी सांगाचं. दुसऱ्यानं सांगितलं तं ते मेल्याहून मेल्यासारखे होतील. दे वचन."

रितिकानं वचन दिलं. वचन द्यायच्या आधी त्यातली पळवाट तपासून पाहणं हा तिच्या कामाचाच भाग होता. तिनं सांगणार नाही असं वचन दिलं. विचारणार नाही असं दिलं नव्हतं.

आठवडाभर रामाजी काही बोलले नाहीत. शनिवारी त्यांनी जीप धुतली, रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, आणि नारळ कोणी न सांगता स्वतःच रुमालात गुंडाळून घेतला. रजत फळांच्या परड्या घेऊन आपल्या गाडीतून आधीच गेला होता. जीपमध्ये पुढे शोभाताई, मागे रितिका. सक्करदऱ्यापर्यंत जीपमध्ये जे काही बोलणं झालं ते इंजिनानंच केलं.

कोपऱ्यावर जीप थांबली. रामाजींनी हॉर्न वाजवला.

गल्ली सात-आठ घरांची. टोकाला भिंत, आणि भिंतीला लागून शेवटचं घर मधुकरचं. फाटकाला आंब्याची पानं बांधली होती. फाटकात एक माणूस उभा होता, रामाजींच्याच बांध्याचा, जरा बुटका, नवा शर्ट घातलेला. त्याचा एक हात फाटकाच्या गजावर होता. हॉर्न ऐकून तो हलला नाही.

रामाजींनी पुन्हा हॉर्न वाजवला.

"तुम्ही दोघी उतरा," ते म्हणाले. "मी लावून येतो कुठं तरी."

"कुठे लावणार?" रितिकानं विचारलं.

"पाहतो नं."

"आतच घेऊ या ना, बाबा. दारापर्यंत."

"गल्ली बंद आहे, बेटा."

"दिसतंय."

रामाजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. शोभाताई समोरच्या पीठगिरणीची पाटी वाचत होत्या. पाटीवर एकच शब्द होता, पण त्यांचं वाचून होत नव्हतं.

"आत जाईन," रामाजी म्हणाले. "वापस कसा येऊ?"

"आज परत यायची घाई कोणाला आहे?"

इंजिन थरथरत होतं. रामाजींचे हात चाकावर होते, नजर फाटकावर.

"जंगलात नाल्यात उतराच्या आधी आम्ही पलीकडचा काठ पाहून घेत होतो," ते म्हणाले. "मधू पाण्यात उतरून जाय, काठीनं खोली पाहे, पलीकडून हात करे. मंग मी घालो गाडी."

फाटकात आता खुशी येऊन उभी राहिली होती, हिरव्या साडीत, बापाच्या शेजारी. तिनं हात केला नाही. बोलावलंही नाही. ती नुसती पाहत होती.

रामाजींनी पहिला गियर टाकला.

जीप गल्लीत शिरली. घराघरांच्या गच्चीवर माणसं आली, एका कुत्र्यानं मागे धावायचं ठरवून मग विचार बदलला. भिंतीपासून दोन हातांवर, मधुकरच्या फाटकाला चिकटून, जीप थांबली. मधुकर पुढे आला. त्यानं आधी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मग वाकून भावाच्या पायाला लावला.

"आली," तो म्हणाला.

"आली," रामाजी म्हणाले.

एवढ्यावर दोघांचं बोलणं संपलं. पण साक्षगंध वेळेवर लागलं, खुशी पाटावर बसली, आणि रामाजींनी व्याह्यांच्या हातात नारळ ठेवला तेव्हा प्रयागबाईंनी जरा मोठ्यानं नाक शिंकरलं. जेवणात पुडाच्या वड्या होत्या. मधुकर आग्रह करकरून भावाच्या पानात वाढत होता, आणि रामाजी नको न म्हणता खात होते. रितिकाला दिसत होतं की ते जेवण लांबवत आहेत.

पण जेवण केव्हा तरी संपतंच. उमरेडच्या व्याह्यांना दुपारीच निघायचं होतं आणि त्यांची मोटार मधुकरच्या अंगणात होती. फाटकासमोर जीप.

"दादा," मधुकर सहज म्हणाला, "जीप जरा मागे घे. पाहुण्यांची गाडी काढाची आहे."

रामाजी जागचे हलले नाहीत. व्याही, विहीणबाई, होणारा जावई, रजत, गच्चीवरचे शेजारी, सगळे पाहत होते. शोभाताईंनी डोळे मिटून घेतले.

"मागे नाही जात ते," रामाजी म्हणाले.

"काहून?"

"दाता गेला."

"केव्हा?"

"तू देली, त्याच साली."

मधुकरचे ओठ हलले. त्यानं वाटणी, मग भिंत, मग वास्तुपूजन आणि त्यापुढचे सगळे पाडवे एकेक करून ओलांडले असावेत, कारण त्याला बराच वेळ लागला.

"तो गियरबॉक्स तं मी बसवला होता," तो म्हणाला.

"म्हणून तं काढला नाही."

"अन् मी फाटकात उभा राहो, दर पाडव्याले. मले वाटे, हा कोपऱ्यावर हॉर्न वाजवून खिजवून राहिला मले."

"खिजवून कायले राहीन गा?" रामाजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू बाहेर येशील म्हणून वाजवो! कोपऱ्यापर्यंत आला असता तं काय पाय मोडले असते तुहे?"

"मी म्हणो, एवढा आला तं दारापर्यंत येईन."

"मी म्हणो, एवढं ऐकून राहिला तं कोपऱ्यापर्यंत येईन."

मग प्रयागबाई म्हणाल्या, "दोघांलेबी एका माऊलीनं जन्म देला हे दिसूनच राहिलं. आता ते डब्बं ढकला, पाहुणे खोळंबले."

रजत आणि होणारा जावई बाह्या सरसावून पुढे झाले. भिंत आणि बंपर यांच्यामध्ये जेमतेम दोन माणसं मावतील एवढीच जागा होती.

"तुम्ही बाजूनं लावा," मधुकर म्हणाला. "समोर आम्ही."

"मंग चाकावर कोण बसन?" रजतनं विचारलं. त्याच्या आयुष्यातला हा पहिला नेमका प्रश्न असावा.

रामाजींनी आजवर त्या सीटवर कोणाला बसू दिलं नव्हतं. त्यांनी रितिकाकडे पाहिलं, मग खुशीकडे.

"ये वं पोट्टी. चाक सरळ ठेव, अन् मागे पाहा."

खुशी साडीचा घोळ गोळा करून चढली. मागे पीठगिरणीपर्यंत गल्ली दिसत होती. दोघे भाऊ भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तळवे बॉनेटवर टेकवले, आणि मधुकरनं तेंदूच्या गोण्या उचलताना द्यायचे तसा हाकारा दिला. जीप कुरकुरली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा सपाट जमिनीवर मागे सरकली.

"तू जोर लावूनच नाही राहिला," रामाजी म्हणाले.

"मीच लावून राहिलो. तू नुसता टेकला आहेस, दादा."

"थोरल्याशी असं बोलते का?"

"ढकल गा, ढकल."

फाटक मोकळं झालं. व्याह्यांची मोटार अंगणातून बाहेर आली आणि जीप ढकलणाऱ्या दोघा भावांच्या पाठोपाठ गोगलगायीच्या चालीनं निघाली. गल्लीच्या निम्म्यावर दोघांचाही दम संपला. मधुकर बंपरवर टेकला. रामाजीही टेकले. दोघांचे इस्त्रीचे कपडे छातीवर काळे झाले होते. मधुकर श्वास घेता घेता म्हणाला की दाता गेला म्हणजे आतली पट्टीही गेली असन. रामाजी म्हणाले, पट्टी शाबूत आहे, तूच तेव्हा उलटी घातली होती. मधुकर म्हणाला, उलटी नव्हतीच घातली, कंदील कोण धरून होतं? यावर बोलण्यासारखं बरंच होतं.

"पापा! मोठे बाबा!" खुशी मान मागे वळवून ओरडली. "कोपऱ्यापर्यंत सगळं मोकळं आहे! चला लवकर!"

"असू दे," दोघं एकदमच म्हणाले.

व्याह्यांनी आपल्या मोटारीचं इंजिन बंद केलं.